आधी अंदाज, मग पडदा

सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांतली शिक्षणाची जी दोन उदाहरणे राज्यभर गाजली, ती दोन्ही टीव्ही-मोबाइलच्या पडद्याच्या विरोधात साक्ष देणारी आहेत. पहिले सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांनी खडे, काड्या, दहादहाचे गठ्ठे आणि फरशीवर रंगवलेल्या आकृत्या यांच्या जोरावर मुलांना गणित आणि वाचन शिकवून दाखवले. जून २०१५ मध्ये सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केला, त्या काळात कुमठ्याचे वर्ग पाहायला राज्यभरातले शिक्षक येत होते. दुसरे उदाहरण सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावचे. तीनेक हजार वस्तीच्या या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि पुढचा दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद राहतील. टाळेबंदीत अभ्यासासाठी म्हणून हाती दिलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, म्हणून हा उपाय. अशा मुलखात उभे राहून विज्ञान-गणितासाठी ऑनलाइन साधनांची वकिली करणे सोपे नाही. तेव्हा हा वाद दोघांच्या तोंडी घालतो. एक साताऱ्याकडचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजीच म्हणतात; आणि दुसऱ्या, सांगलीकडच्या माध्यमिक शाळेत विज्ञान-गणित शिकवणाऱ्या बाई. दोघेही कल्पित आहेत, त्यांचे दाखले मात्र खरे आहेत. मधेमधे मी बोलणार आहे, आणि मी तटस्थ नाही.

गुरुजी : "बाई, वडगावच्या भोंग्याला शहरातली मंडळी हसली असतील, मी हसणार नाही. 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' असं आपणच २०२० मध्ये सांगितलं. लिंक पाठवल्या, ग्रुप काढले. ज्याच्या घरी मोबाइल नव्हता तो राहिला बाजूला, आणि ज्याच्या घरी होता त्याला अभ्यास सोडून बाकी सगळं सापडलं. त्या काळात माण तालुक्यातल्या विजयनगरच्या शाळेनं काय केलं ठाऊक आहे ना? साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल जोडून मुलांना गोष्टी ऐकवल्या. ना चित्र, ना व्हिडिओ. पलीकडं ओळखीचा आवाज होता, एवढंच. शिकणं माणसाकडून माणसाकडं जातं. यंत्र वाटून काय होतं ते पेरू देशानं करून बघितलंय. आठ लाखांहून जास्त लॅपटॉप पोरांना दिले. तीनशेवर शाळांची पंधरा महिन्यांनी तपासणी झाली, २०१२ मध्ये निकाल छापून आला : लॅपटॉपवाली मुलं गणितात आणि भाषेत इतरांच्या पुढं गेल्याचं दिसलं नाही. तेवढ्या पैशांत किती शाळांना शिक्षक मिळाले असते?"

बाई : "पेरूचा दाखला माझ्याही कामाचा आहे, गुरुजी. तिथं वस्तू वाटली, वर्गातलं शिकवणं होतं तसंच ठेवलं. मग निकाल वेगळा कुठून येणार? आपल्याकडं तर आता वाटायचीही गरज उरली नाही. शाळकरी मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे फोन घरात आलाच आहे. भोंगा त्याला दीड तास गप्प करतो, बाकीच्या वेळी त्यानं काय करावं ते भोंग्याला सांगता येत नाही. आणि माझी अडचण फोनवर गोष्ट ऐकवून सुटणारी नाही. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू हवा तितका ओढला तरी तीन कोनांची बेरीज तीच राहते, हे फळ्यावर मी एका त्रिकोणात दाखवते आणि मुलं माझ्यावर विश्वास ठेवतात. जिओजिब्रा या भूमितीच्या साधनावर मुलगी स्वतः तो बिंदू ओढते, शंभर त्रिकोण बघते, आणि मग विचारते की असं का. तो 'का' मला हवाय."

इथवर दोघेही 'पडदा' ही एकच वस्तू असल्यासारखे बोलत आहेत, आणि आपल्याकडच्या बहुतेक चर्चा इथेच फसतात. ५ सप्टेंबर २०१७ ला केंद्राने दीक्षा हे व्यासपीठ सुरू केले, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर त्या कोडांची चर्चा परदेशातही झाली. पण कोड उघडल्यावर आत काय आहे, हा प्रश्न चर्चेत मागेच राहिला. बहुतेक वेळा आत असते ते कोणीतरी समजावून सांगणे : फळ्यावरचेच व्याख्यान, अधिक चांगल्या आवाजात आणि रंगीत आकृत्यांसह. माझे म्हणणे असे की, ऑनलाइन साधनाचा हा सर्वांत दुबळा वापर आहे आणि नेमका तोच सर्वांत जास्त होतो.

याला आधार आहे. डेरेक म्युलर यांचा व्हेरिटासियम ही यूट्यूब वाहिनी आज जगभर पाहिली जाते, पण त्याआधी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये त्यांनी पीएचडी केली ती भौतिकशास्त्राच्या चित्रफिती कशा असाव्यात या प्रश्नावर. न्यूटनच्या नियमांवर त्यांनी निरनिराळ्या फिती केल्या. एकीत सरळ, स्वच्छ स्पष्टीकरण. दुसरीत संवाद : विद्यार्थी आपली चुकीची समजूत बोलून दाखवतो आणि समोरचा त्याला प्रश्न विचारत जातो. स्वच्छ फीत पाहणाऱ्यांनी ती सोपी आणि स्पष्ट असल्याची पावती दिली, त्यांचा आत्मविश्वास वाढला, चाचणीतले गुण मात्र जवळपास होते तिथेच राहिले. संवादाची फीत पाहणाऱ्यांना ती गोंधळात टाकणारी वाटली, आणि गुण त्यांचेच वाढले. कारण उघड आहे. वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्यावर वरच्या दिशेने बल आहे, असे मूल आधीच मानून बसलेले असते. स्पष्टीकरण त्या समजुतीला धक्का न लावता शेजारून निघून जाते. मूल 'हे मला माहीतच होते' असे म्हणते आणि जुनीच समजूत घेऊन उठते. 'व्हिडिओ छान होता, समजलं' या मुलांच्या उद्गारावर शाळेचा ऑनलाइन उपक्रम यशस्वी ठरवणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा.

गुरुजी : "तो प्रयोग विद्यापीठातल्या पोरांवरचा. आमची पाचवी-सातवी वेगळी. तरी क्षणभर मान्य करू. मग तर माझाच मुद्दा पक्का झाला. चुकीची समजूत बाहेर काढायला शिक्षक लागतो आणि हाताशी वस्तू लागते. दोन बल्ब, दोन सेल, थोडी वायर. सगळं बाजारात मिळतं. तुमचं ते सिम्युलेशन कशाला मधे? खोटा बल्ब पेटला म्हणून पोराला काय कळणार?"

बाई : "बल्ब आणाच. आधी तोच. पण आणलेत की काय होतं ते बघा. एका पाठोपाठ एक असे दोन बल्ब जोडायच्या आधी मी मुलांना विचारते, कुठला जास्त उजळ पेटेल? बरीच मुलं म्हणतात, सेलच्या जवळचा. पहिला बल्ब वीज खातो, उरलेली दुसऱ्याला मिळते. ही समजूत जगभरच्या मुलांत सापडलेली आहे. आता बाजारातले दोन बल्ब कधी हुबेहूब सारखे नसतात. जोडले की एक जरा जास्त उजळतोच, आणि नेमका पहिला उजळला तर अख्खा वर्ग ओरडतो, बघा, आम्ही म्हटलं होतं! खऱ्या वस्तूनं चुकीच्या समजुतीवर शिक्का मारला. अशा वेळी मला फेटवरचं मंडल लागतं. त्यात दोन्ही बल्ब एकसारखे आहेत, विद्युतधारा मोजायचा मापक कुठंही लावता येतो, आणि पहिल्या बल्बच्या आधी, दोन्हींच्या मधे, दुसऱ्याच्या नंतर तोच आकडा दिसतो. मग मुलं परत खऱ्या मंडलाकडं जातात, बल्बची अदलाबदल करतात, उजेड बल्बाबरोबर सरकतो की जागेवर राहतो ते तपासतात. आधी हात, मग पडदा, मग पुन्हा हात. मधला टप्पा काढला तर प्रयोग खोटं शिकवून जातो."

बाई ज्याचा उल्लेख करतात तो फेट प्रकल्प २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. त्यातली अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत, फुकट आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. पाटण खोऱ्यातल्या किंवा जतच्या पूर्व भागातल्या वाड्यावस्त्यांवर रेंज नसते, हा आक्षेप त्यामुळे निम्मा निकाली निघतो. निम्माच म्हणतो, कारण उतरवून कोणी घ्यायचे आणि शाळेतला संगणक चालू आहे का, हे प्रश्न उरतातच. शिवाय शिक्षकासमोर आज 'ऑनलाइन' हा शब्द उच्चारला की त्याला फेट आठवत नाही. यूडायस, सरल ही सरकारी पोर्टले आणि त्यांत रोज माहिती भरणे आठवते. दिवसाचा जो तास पोर्टलवर जातो तो वर्गातून वजा होतो, आणि मग तोच विभाग शिक्षकाला डिजिटल साधने वापरत नसल्याबद्दल जाब विचारतो. गुरुजींनी इथे हा मुद्दा काढला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

गणिताकडे वळलो की प्रश्नाचे रूप बदलते. विज्ञानात अडचण चुकीच्या समजुतीची असते, गणितात ती मागे पडल्याची असते. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकीय साधनाची तपासणी मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी केली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना पहिल्यांदा दिसले ते असे, की सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीपर्यंत ही दरी साडेचार इयत्तांची झाली होती. म्हणजे नववीच्या वर्गात शिक्षक बीजगणित शिकवत असतो तेव्हा समोरच्या बऱ्याच मुलांना हातच्याची वजाबाकीही जमत नसते. सोडत काढून काही मुलांना शाळेनंतरच्या केंद्रात जागा दिली गेली. तिथे रोज पाऊण तास ते साधन मुलाची पातळी ओळखून त्याच पातळीची उदाहरणे देई, आणि पाऊण तास लहान गटात माणूस शिकवी. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात बाकीच्यांपेक्षा बरीच मोठी मजल मारली, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांनाही ती मारता आली.

गुरुजी : "म्हणजे दिल्लीला जाऊन, यंत्र लावून, हे सापडलं की पोर जिथं आहे तिथून सुरुवात करा! कुमठ्यात फरशीवर बसून दुसरं काय चाललं होतं? ज्याला दशक कळलं नाही त्यानं गठ्ठे बांधायचे, ज्याला कळलं त्यानं पुढं जायचं."

बाई : "अगदी तेच. म्हणून तर मी कुमठ्याला माझ्या विरोधातला साक्षीदार मानत नाही. पण तिसरीत गठ्ठे बांधणारी दहा मुलं एक शिक्षक सांभाळू शकतो. आठवीत साठ मुलं आणि सहा पातळ्या, दिवसाला पस्तीस मिनिटांचे तास. कुणाला अपूर्णांकाची उदाहरणं द्यायची, कुणाला वर्गमुळाची, हे रोज साठ वह्यांतून शोधायचं तर मी शिकवणार कधी? ते शोधून देणारं साधन असेल तर मला पोराजवळ बसायला वेळ मिळतो. आणि दिल्लीतसुद्धा निम्मा वेळ माणूसच शिकवत होता, हे विसरू नका."

इथे दोन्ही टोके एकाच ठिकाणी येऊन मिळतात. साधन फरशीवरचे असो की पडद्यावरचे, ते मुलाच्या डोक्यातल्या सध्याच्या स्थितीला हात घालते की तिला वळसा घालून जाते, एवढ्यावर त्याची किंमत ठरते. टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी सुरू झालेल्या 'टिलीमिली'ने घरातल्या वस्तू घेऊन कृती करायला लावल्या. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची वैज्ञानिक खेळणी आहेत. मूल पडद्याकडे दोन मिनिटे पाहते आणि मग अर्धा तास स्ट्रॉ, काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये रमते. वडगावचा भोंगा अशा वेळी वाजला तर त्याने काहीच बिघडत नाही.

पण सातारा-सांगलीच्या मुलांसाठी सर्वांत मोलाचे ऑनलाइन साधन मला विचाराल तर ते शिक्षणासाठी तयार झालेलेच नाही. दर पावसाळ्यात कोयना धरणाचा साठा, विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हे आकडे रोज, पुराच्या दिवसांत तासातासाला, जाहीर होतात आणि प्रत्येक घरातल्या मोबाइलवर येऊन पडतात. पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हे आकडे मोठी माणसे चौकात वाचतात, वर्गात मात्र ते आणले जात नाहीत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. मग कोयनेतून ५०,००० क्युसेकने पाणी सोडले तर दिवसाला किती टीएमसी गेले? ४.३२. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, वरून थेंबही आला नाही तर ते किती दिवसांत रिकामे होईल? चोवीस दिवसांहून थोडे जास्त. आठवीतल्या मुलाला हा गुणाकार-भागाकार जमतो, आणि धरणाचे दार उघडल्यावर लगेच धरण का रिकामे होत नाही, हे त्याला बातमीपेक्षा नेमके कळते.

पुढचा प्रश्न अधिक चांगला आहे. विसर्ग दुप्पट केला तर पुलाजवळचे पाणी दुप्पट चढेल का? मुले आधी 'हो' म्हणतील. आकड्यांचा आलेख काढला की रेघ सरळ येत नाही. मोजपट्टीचे शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. पाणी काठ ओलांडून मळ्यात पसरले की तेवढ्याच पाण्याने पातळी कमी चढते. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, पण धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी यांचेही पाणी त्याच नदीत येते, आणि सांगलीच्या जरा खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, तिचा फुगवटा वेगळाच. एका साध्या प्रश्नातून प्रमाण, आलेख, क्षेत्रफळ आणि प्रवाहाचे विज्ञान असे सगळे बाहेर येते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे सांगली बुडते का, या वादात मोठी माणसे आवाज चढवतात. मुले निदान कोणता आकडा लागेल ते विचारायला शिकतील. असे पान कोणत्याही परदेशी संकेतस्थळावर सापडायचे नाही, आणि मराठीत भाषांतर करून मिळायचे नाही.

गुरुजी : "नदीचं पटलं. पण आता पोरं उदाहरणाचा फोटो काढतात आणि मोबाइल पायऱ्यांसकट उत्तर देतो. तुमच्या धरणाचं गणितही दोन सेकंदांत देईल. मग अंदाज कोण बांधतोय?"

बाई : "उत्तर मागितलं तर मिळणारच, म्हणून उत्तर मागायचं नाही. सकाळी नऊचा विसर्ग देते आणि उद्या सकाळी पुलाजवळ किती फूट असेल ते वहीत लिहायला सांगते, कारणासह. उद्याचा आकडा अजून कुणाकडंच नाही, मोबाइलकडंही नाही. दुसऱ्या दिवशी आकडा येतो आणि ज्याचा त्याला आपला अंदाज किती चुकला ते दिसतं. उन्हाळ्यात नदीचे असे आकडे नसतात, तेव्हा सोडवलेलं पण मधे चूक पेरलेलं उदाहरण देते. चूक कुठल्या पायरीत आहे आणि ती कुणी का केली असेल, ते लिहा."

गुरुजी : "आणि दहावीला याचे गुण?"

हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि बहुतेक लेख तो टाळतात. पालकाला नदीचा आलेख नको, टक्के हवेत, आणि त्यात पालकाची चूक नाही. पण दहावीच्या गणितात आणि विज्ञानात शंभरापैकी वीस गुण शाळेच्या हातात आहेत, अंतर्गत मूल्यमापनाचे आणि प्रात्यक्षिकाचे. ते कसे दिले जातात हे उघड गुपित आहे. हेच वीस गुण अंदाजाच्या वहीला जोडले तर अभ्यासक्रमाला हात न लावता, नवा आदेश न काढता, या पद्धतीला परीक्षेत जागा मिळते.

बाईंनी हेच सांगितले आणि पुढे म्हणाल्या, की गुण बरोबर अंदाजाला द्यायचे नाहीत. चुकलेला अंदाज आणि त्याखाली तो का चुकला याच्या चार ओळी, याला द्यायचे. गुरुजी म्हणाले, मग पोरे मुद्दाम चुकतील. बाई म्हणाल्या, मुद्दाम चुकायचे तर बरोबर काय ते आधी ठाऊक हवे, आणि कारण खोटे लिहायला खरे लिहिण्याइतकीच मेहनत आहे. साठ वह्या तपासणार कोण, हा गुरुजींचा शेवटचा प्रश्न. बाईंचा बेत रोज पाच वह्यांचा आहे : बारा शाळादिवसांत वर्ग पुरा होतो. गुरुजींनी निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि पोर्टलचे तास त्या बारा दिवसांतून वजा करून दाखवले, आणि बाईंकडे त्यावर उत्तर नव्हते.